‘आता तू घरीच असतेस ना’

पत्र : ताई, वय ४५. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत १७ वर्षं टेस्टिंगमध्ये होते. जुलैमध्ये एचआरचा कॉल आला, वीस मिनिटांचा. तुमचा रोल आता राहिला नाही म्हणाले, राजीनामा द्या नाहीतर आम्ही टर्मिनेट करतो. मी राजीनामा दिला. संध्याकाळी लॉगिन बंद. कुणाला भेटताही आलं नाही, एसीत घालायचा माझा निळा स्वेटर अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच आहे. घरचे सगळे चांगले आहेत, नवऱ्याची नोकरी आहे, लोन थोडंच राहिलंय, त्यामुळे रडण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात. सासूबाई म्हणाल्या बरंच झालं, मुलाचं दहावीचं वर्ष आहे. पोळ्यांच्या मावशींना दहा दिवसांत बंद केलं. बँक, गॅस, प्लंबर, सासूबाईंची फिजिओथेरपी, सगळं आता माझ्याकडे, कारण ‘आता तू घरीच असतेस ना’. दिवसभर कामात असते आणि तरी दिवस रिकामा जातो. अकराला डायनिंग टेबलापाशी बसते ते एकदम साडेबारा वाजतात. लिंक्डइन उघडलं की पोटात गोळा येतो. कशातच रस वाटत नाही, पुढे काय हवंय तेच कळत नाहीये. मोटिव्हेशन आणू कुठून? – एक वाचक, पुणे

अगं, तू माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, म्हणून सरळ अगंतुगं करते, रागावू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या स्वेटरपाशी थांबले. एका वाक्यात सांगून तू पुढे गेलीस, पण तो निळा आहे हे मात्र लिहिलंस. १७ वर्षं म्हणजे मुलगा जन्माला यायच्या आधीपासून तू तिथे होतीस, प्रेग्नन्सीत तिथे होतीस, सासऱ्यांची की कुणाची आजारपणं असतील ती काढत तिथे होतीस, आणि एवढं सगळं वीस मिनिटांच्या कॉलमध्ये संपलं. साध्या रिटायरमेंटलाही आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात, दोन माणसं बोलतात, फोटो काढतात. घरात माणूस गेलं तर शेजारचे पिठलं-भात आणून देतात, दहावं-तेरावं होतं, लोक येऊन बसतात, काहीही न बोलता बसतात पण बसतात. तुझ्याकडे यातलं कुणीच आलं नाही. उलट ‘बरंच झालं’ म्हणाले. मग ते दुःख जाणार कुठे, ते तिथेच बसून राहिलंय डायनिंग टेबलापाशी.

म्हणून पहिली गोष्ट, रडण्यासारखं काही नाही हे वाक्य डोक्यातून काढून टाक. पैशाची अडचण नसणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्यानं नुकसान भरून आलं असं होत नाही. पगार हा नोकरीचा एक भाग झाला. बाकीचा भाग गेला त्याचं काय, तो तर कुणी मोजलाच नाही.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. सुरुवातीला सभा, मोर्चे, चाळीत रोज गर्दी, माणसं जोशात होती. पुढे महिने गेले, निम्मी चाळ कोकणात गावी गेली, आणि वडील खाटेवर बसून राहायला लागले. पहिल्या पाळीच्या वेळेला आपोआप उठायचे, आंघोळ करून, केस विंचरून बसायचे. कुठे जायचं नव्हतं, तरी विंचरायचे. आई सहा जणांचे डबे करायला लागली, घरात थोडे पैसे यायचे, म्हणजे अगदी उपाशी नव्हतो आम्ही. पण ते आमच्याशी बोलणंच विसरल्यासारखे झाले होते.

त्यांना कुणी उपदेश करून उठवलं नाही. झालं असं की शेजारच्या काकूंचा पंपाचा स्टोव्ह पेटेना, म्हणून त्या तो घेऊन आल्या. वडिलांनी बर्नरला पिन मारली, पंपाचा वॉशर काढून बघितला, वाळला होता, त्याला तेल लावून मऊ केला, परत बसवला. निळी ज्योत आली. दुसऱ्या दिवशी अजून एक स्टोव्ह आला. हळूहळू आमच्या दारात रोज संध्याकाळी दोन-तीन स्टोव्ह असायचे. ते पैसे घेत नव्हते, मग आईच एकदा म्हणाली की अहो एक रुपया तरी घ्या, फुकट दिलं की माणूस परत यायला लाजतो. घ्यायला लागले. महिन्याचं काय होत असेल त्यातून, फार नाही. पण रात्री जेवताना सांगायला लागले, आज अमक्याचा स्टोव्ह होता, त्याचं असं बिघडलेलं. मला ते आजही आठवतं, कारण तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता.

त्यात त्यांनी ‘आयुष्याचं ध्येय’ वगैरे काही शोधलेलं नव्हतं. संध्याकाळी कुणीतरी स्टोव्ह घेऊन येणार आहे आणि आपण नसलो तर त्याची चूल पेटणार नाही, एवढंच होतं.

याचा अभ्यासही झालाय, आणि तो वाचताना मला सारखं गिरणगावच आठवत होतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं छोटं गाव आहे, तिथे सगळं गाव एकाच कापड कारखान्यावर जगायचं. १९२९-३० मध्ये तो बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन लोकांचं जगणं बारकाईनं टिपलं, १९३३ मध्ये ते छापून आलं. आता माणसांकडे वेळच वेळ होता, गावात लायब्ररी होती, वाचन वाढायला हवं की नाही? पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं हळू चालायला लागले, मध्येच थांबायचे, बहुतेकांच्या अंगावर घड्याळच नसायचं. तू लिहिलंयस ना, अकराचे एकदम साडेबारा होतात, तेच हे. तू आळशी झालेली नाहीयेस. दिवसाला धरून ठेवणारी दोरी सुटली की कुणाचंही असंच होतं.

पण तुझ्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट त्या गावातल्या बायकांची आहे. बायका झपाझप चालत होत्या, कारण घरचं काम होतंच, त्यांचा दिवस भरलेला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं यांचं काही बिघडलं नाही, उलट आधी कारखाना आणि घर दोन्ही करताना मरायची वेळ यायची, आता सुटल्या. आणि त्याच बायका सांगत होत्या की कारखाना चालू झाला तर आम्ही परत जाऊ, आणि ते फक्त पैशासाठी नाही. चार भिंतीत एकटं राहून जगल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नव्वदेक वर्षं झाली याला, आणि तू पुण्यातून तेच लिहितेयस. म्हणजे तुझं काही विचित्र चाललेलं नाही.

आता तुझा प्रश्न, मोटिव्हेशन कुठून आणू. माझं स्पष्ट मत आहे की ते बसून, विचार करून, व्हिडिओ बघून येत नाही. आपली कुणीतरी ठरलेल्या वेळेला वाट बघतंय आणि आपण जे करून देऊ ते त्याच्या उपयोगी पडणार आहे, हे असलं की माणूस उठतो, चप्पल घालतो आणि जातो, इच्छा नंतर येते मागून. ‘मला पुढे काय हवंय’ याचं उत्तर तुला आत्ता सापडणार नाही, आणि त्यासाठी स्वतःला छळूही नकोस.

तू म्हणशील घरात सगळे माझीच तर वाट बघतात. खरंय, पण तू सतरा वर्षं काय काम केलंस ते आठव. तू एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, लॉग करायचीस, त्याला नंबर पडायचा, डेव्हलपरला त्यावर उत्तर द्यावं लागायचं, तो भांडायचा, तू परत तपासायचीस, मग तो क्लोज व्हायचा. तुझं म्हणणं नोंदलं जायचं. घरात पोळी केली, खाल्ली, संपली. काम झालं तर कुणाला दिसत नाही, राहिलं तरच दिसतं. म्हणून दिवसभर राबूनसुद्धा रात्री तुझ्या हातात काही उरत नाही. घरकामाला कमी लेखत नाहीये मी, माझ्या आईच्या सहा डब्यांवर आमचं घर चाललं. पण त्या डब्यांचेही पैसे यायचे आणि डबा नेणारे भाजी चांगली झालीय की खारट झालीय ते सांगायचे.

आता एक गोष्ट जरा लागेल अशी सांगते, प्रेमानं सांगते. तुझी नोकरी वीस मिनिटांत गेली, आणि त्यानंतर दहा दिवसांत तुमच्या घरातून अजून एका बाईची नोकरी गेली, नोटीस न देता. त्या मावशी किती वर्षं येत होत्या ते तू लिहिलं नाहीस, पण तू १७ वर्षं ऑफिसला जाऊ शकलीस त्यात त्यांच्या पोळ्यांचा वाटा आहे. हा निर्णय तू घेतलास असं मला पत्रातून वाटत नाही, तो ‘झाला’. आणि त्याच वेळी तुझ्या घरानं मनाशी धरलं की ही आता परत जाणार नाही. म्हणून मावशींना परत बोलव. तुला परवडतंय, तू स्वतःच लिहिलंयस.

घरच्यांशी बोलायला बस, रविवारी, टीव्ही बंद करून, सासूबाई आणि मुलगा दोघंही असू देत. भांडायचं नाही, आणि ‘मला कुणी समजून घेत नाही’ असंही म्हणायचं नाही, कारण मग सगळे समजूत काढायला लागतात आणि विषय तिथेच मिटतो. इतकंच सांग की माझी नोकरी गेलीय, मला त्याचं वाईट वाटतंय, मी घरी बसायचं ठरवलेलं नाही, मी काम शोधतेय आणि शोधणं हेही काम आहे, त्यासाठी सोमवार ते शुक्रवार दहा ते दोन मी घरात नसेन. फिजिओथेरपीला आठवड्यातले दोन दिवस तुझे, बाकीचे नवऱ्याचे, तो संध्याकाळची वेळ घेऊ शकतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दुपारचं ताट वाढून घेता येतं त्याला. सासूबाईंना तोडून बोलू नकोस, त्यांच्या वेळी बाईनं घरी असणं हेच सुख समजलं जायचं, त्यांना खरंच वाटतंय की तुझी दगदग संपली.

‘घरात नसेन’ हे मी मुद्दाम म्हणतेय, बेडरूमचं दार लावून लॅपटॉप घेऊन बसणं याला धरत नाही, कारण दारावर टकटक होणारच. पुण्यात अभ्यासिकांना तोटा नाही, पेठांमध्ये तर एमपीएससीच्या पोरांमुळे गल्लोगल्ली आहेत, महिन्याचे पैसे भरले की आपली खुर्ची ठरलेली, लाइट-वायफाय सगळं असतं. तुझ्या भागात मिळेल तिथे घे. पहिले आठ दिवस काही सुचणार नाही, चालेल, नुसती जाऊन बस. मनगटावर घड्याळ घाल. शेजारची पंचविशीची मुलगी चहाला उठली की तुझ्याकडे बघेल, दोन दिवसांनी विचारेल काकू तुम्ही कशाची तयारी करताय. त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणं चांगलं असतं.

आता त्या चार तासांत करायचं काय. तुझ्या क्षेत्रात नुसत्या मॅन्युअल, म्हणजे हातानं करायच्या, टेस्टिंगच्या जागा कमी होतायत हे तुला माझ्याहून जास्त माहिती आहे, आणि ऑटोमेशन शीक, एआय शीक हे दिवसातून दहा वेळा कानावर पडत असेल. शीक, हरकत काहीच नाही. पण भीतीपोटी उघडलेले कोर्स अर्धवट पडतात, असं मी बऱ्याच जणांचं बघितलंय. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात सुचवते. फोनमध्ये टॉकबॅक चालू कर, डोळे मीट आणि लाइट बिल भरायचा प्रयत्न कर. अंध माणूस असाच वापरतो फोन, स्क्रीनवर काय आहे ते फोन बोलून दाखवतो. कितीतरी अ‍ॅपमध्ये तुला ऐकू येईल, ‘अनलेबल्ड बटन’, परत ‘अनलेबल्ड बटन’. कुठलं बटण पैसे भरायचं आणि कुठलं परत जायचं ते कळायला मार्ग नाही. तुझ्यातली टेस्टर तिथे जागी होते की नाही बघ.

याला अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग म्हणतात आणि ते काही फक्त समाजसेवेचं काम नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ई-केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर, त्यात म्हटलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वेबसाइट-अ‍ॅपचं ठरावीक काळानं तज्ज्ञांकडून ऑडिट करून घ्या आणि नवीन काही आणताना अंध व्यक्तींकडूनही तपासून घ्या, असे आदेश आहेत त्यात. म्हणजे हे काम करणारी माणसं लागणार. यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, ते फुकट वाचायला मिळतात, कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकट आहे. तुझा १७ वर्षांचा हात यात वाया जात नाही, तोच हात लागतो. नोकरी लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, पण सहा अ‍ॅप तपासून त्यांचे नीट रिपोर्ट तुझ्याकडे तयार असतील तर इंटरव्ह्यूमध्ये ‘गेले काही महिने काय केलंत’ याला तुझ्याकडे उत्तर असेल.

आणि आठवड्यातून एक दिवस, एकच, अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक म्हणून जा. पुण्यात कॉलेजात शिकणारी अशी बरीच मुलं आहेत, सगळी पुस्तकं ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत मिळत नाहीत, कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं लागतं. कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात किंवा अंध विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर चौकशी केलीस तर कळेल. मंगळवारी चार म्हणजे चारला पोचायचं, कारण तो मुलगा किंवा ती मुलगी वाट बघत असेल, परीक्षा जवळ असेल. हा तुझा स्टोव्ह. आणि त्याच मुलांना विचार की कुठलं अ‍ॅप वापरताना सगळ्यात जास्त त्रास होतो, तुझ्या रिपोर्टला त्यांच्याइतकी चांगली माणसं कुठे मिळणार.

लिंक्डइन सध्या बंद ठेव. ज्यांच्याशी तुझं जमायचं अशा पाच जुन्या माणसांना फोन कर, मेसेज नको, फोन. नोकरी बघ म्हणून नाही, नुसतं सांगायला की मी आता तिथे नाही आणि तुमचा निरोप घ्यायचा राहिला. त्यांनाही अपराधी वाटत असतं, काय बोलावं कळत नाही म्हणून गप्प असतात. स्वेटर कुणी आणून देईल ते त्यातूनच कळेल. जमलं तर त्यांना घरी बोलाव, पोहे कर, बसा दोन तास.

पैशाचं पटकन सांगते. तू राजीनामा दिलास म्हणून ग्रॅच्युइटी जात नाही, पाच वर्षं पूर्ण झालेल्याला ती मिळतेच. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या नियमानं हिशोब असा : शेवटचा बेसिक आणि डीए असेल तर तो, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा बेसिक ५२ हजार, तर १७ वर्षांचे ५ लाख १० हजार होतात. ३० दिवसांत द्यायचे असतात, तुला आले नसतील तर लेखी ईमेल टाक, फोनवर विचारत बसू नकोस. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फॉर्म १६ हातात घे. पीएफला घाईनं हात लावू नकोस. आणि कंपनीचा मेडिक्लेम संपला असेल, तेव्हा नवऱ्याच्या पॉलिसीत तुझं नाव आहे का ते आजच बघ, नसेल तर स्वतःची काढ, पंचेचाळिशीला हे टाळायचं नसतं.

अजून एक, आणि हे सहज वाचून पुढे जाऊ नकोस. ‘कशातच रस वाटत नाही’ हे तू लिहिलंयस आणि चार महिने झालेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घे, पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांग, या वयात त्याचाही मनावर परिणाम होतो. त्यांनी सांगितलं तर सायकियाट्रिस्टकडे जा, लाजू नकोस. झोप उडाली, जगून काय करायचं असं मनात यायला लागलं, तर त्याच क्षणी घरात कुणालातरी सांग आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वडिलांच्या वेळी असलं काहीच नव्हतं, त्या चाळीतल्या दोन-तीन घरांसाठी तरी ते असायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

एवढं सगळं एकदम करायचं नाहीये. या आठवड्यात मावशींना फोन कर, एवढंच. त्यांनी दुसरं घर धरलं असेल तर हट्ट करू नकोस, त्यांच्या ओळखीचं कुणी आहे का तेवढं विचार, आणि अचानक बंद केलं त्याबद्दल एक महिन्याचे पैसे त्यांना नेऊन दे. नंतर मला लिही, कुठल्या अभ्यासिकेत जागा मिळाली ते.